नवी भाषा कानावरून: नकळत होणाऱ्या शिक्षणाची जाणीवपूर्वक तयारी

आकाशवाणीवरून १९७४ पासून संस्कृत बातम्या प्रसारित होत आल्या आहेत, आणि संस्कृतचा एकही वर्ग न केलेली कितीतरी मराठी माणसे आजही 'इयम् आकाशवाणी, सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्' हे शब्द त्या उच्चारांसकट म्हणून दाखवतात. ते कोणी पाठ केलेले नव्हते. सकाळची कामे चालू असताना रेडिओ लावलेला असे आणि ते शब्द कानात बसत गेले. मात्र त्याच माणसांना 'सम्प्रति'चा अर्थ विचारला, तर अनेकांना तो सांगता येत नाही. भाषा शिकण्याचा हेतू मनात नसताना, दुसऱ्याच कामाच्या ओघात तिचे ध्वनी, शब्दांचे आकार आणि काही प्रमाणात अर्थही मनात उतरणे, याला आनुषंगिक शिक्षण म्हणतात. त्याची ताकद आणि त्याची मर्यादा या एकाच उदाहरणात दिसते. ध्वनी लवकर येतात. अर्थ मागे राहतो, आणि तो यावा यासाठी काहीतरी वेगळे करावे लागते.

रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्सम्युलर भवन, आलियाँस फ्राँसेझ किंवा एखाद्या खासगी वर्गात जपानी, जर्मन वा फ्रेंच भाषेचे नुकतेच नाव घातलेल्या, तसेच शेजाऱ्यांची कानडी किंवा तेलुगू शिकावी असे मनात असलेल्या पुणेकरांसाठी हा लेख आहे. वर्गात आठवड्याचे मोजके तास मिळतात. उरलेल्या वेळात भाषा आपल्याभोवती कशी मांडून ठेवावी, म्हणजे ती आपली वेगळी मेहनत न घेता मुरत राहील, हा येथे विषय आहे. नकळत शिकणे ही मनाची स्वाभाविक क्रिया असली, तरी तिला योग्य सामग्री पुरवणे हे पूर्णपणे जाणीवपूर्वक करावयाचे काम आहे, आणि बहुतेक नवशिके नेमके तेथेच थांबतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी अपेक्षा नीट ठरवावी

जेनी सॅफ्रन, रिचर्ड अस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांचा एक सलग प्रवाह केवळ दोन मिनिटे ऐकवला होता. त्यात कोठेही विराम नव्हता. फक्त काही अक्षरे ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा एकत्र येत होती. तेवढ्यावरून बाळांना 'शब्द' कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे उमगले होते. पुढच्याच वर्षी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी मुलांना आणि प्रौढांना संगणकावर चित्र काढण्याचे काम दिले आणि मागे एक कृत्रिम भाषा चालू ठेवली. ती ऐका किंवा शिका, असे कोणालाही सांगितले नव्हते. तरीही एकवीस मिनिटांनंतर मुलांना आणि मोठ्यांनाही त्या भाषेतील शब्द ओळखता आले. वय वाढले म्हणून ही क्षमता संपत नाही, ही नवशिक्या प्रौढासाठी सर्वांत आश्वासक गोष्ट आहे.

नेदरलँड्समध्ये मारियान गुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी चिनी भाषेचा गंधही नसलेल्या डच प्रौढांना चिनी भाषेतील हवामानवृत्त सात मिनिटे दाखवले, तेव्हा त्यांनाही काही शब्दांचे आकार ओळखू येऊ लागले; जे शब्द अधिक वेळा आले आणि ज्यांच्याबरोबर निवेदिकेने नकाशावरील चिन्हाकडे हात केला, ते विशेषकरून लक्षात राहिले. न्यूझीलंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर असे दाखवले, की माओरी भाषा न येणारे, परंतु ती आयुष्यभर आजूबाजूला ऐकत आलेले लोक खरे माओरी शब्द आणि तसेच ऐकू येणारे बनावट शब्द यांत फरक करू शकतात, जरी त्या शब्दांचे अर्थ त्यांना ठाऊक नसतात.

आता दुसरी बाजू. रॉब वेअरिंग आणि मिसाको ताकाकी यांनी २००३ मध्ये जपानी विद्यार्थिनींना सोप्या इंग्रजीतील एक गोष्ट वाचायला दिली आणि त्यातील २५ शब्दांच्या जागी बनावट शब्द घातले. वाचन संपल्यावर लगेच घेतलेल्या चाचणीत पर्याय समोर ठेवले असता सुमारे दहा शब्दांचे अर्थ ओळखता आले, मात्र स्वतःहून अर्थ सांगता आला तो सरासरी पाचांहूनही कमी शब्दांचा. आणि तीन महिन्यांनंतर तर स्वतःहून सांगता आलेल्या शब्दांची सरासरी एकाच्या आसपास उरली. म्हणजे एक पुस्तक वाचून किंवा एक मालिका पाहून शब्दसंग्रह वाढेल अशी आशा धरणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. शब्द पुन्हा पुन्हा भेटावा लागतो, आणि तो भेटेल अशी तजवीज आपण करावी लागते. पुढील सर्व पायऱ्या याच तजविजीच्या आहेत.

पहिली पायरी: मराठी कानाला काय ऐकू येते आणि काय नाही, हे जाणून घ्यावे

या पायरीवर मी सर्वांत जास्त भर देतो, कारण बहुतेक वर्गांत तिला सर्वांत कमी वेळ मिळतो.

बाळ जन्मते तेव्हा ते जगातील अनेक भाषांतील ध्वनिभेद ऐकू शकते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले, की इंग्रजी बोलणाऱ्या घरातील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील फरक कळतो, परंतु वर्षाच्या आसपास तो कळेनासा होतो, कारण त्यांच्या घरच्या भाषेत त्या फरकाला काही काम नसते. आपल्याला 'ताट' ऐकताना ज्यात कणभरही शंका येत नाही, तो भेद इंग्रजी कानाला पुसट वाटतो. आपल्याही कानाचे असेच आहे. मराठीत ज्या भेदाला काम नाही तो आपल्याला ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते नकळत शिकताही येत नाही. शब्द कितीही वेळा कानावर पडला, तरी आपण तो दुसऱ्याच शब्दाच्या खात्यावर जमा करत राहतो.

म्हणून सुरुवातीला दोन याद्या कराव्यात. पहिली, नव्या भाषेतील जे ध्वनी आपल्याकडे आधीपासून आहेत त्यांची. मराठी माणसाची ही यादी बरीच मोठी असते. 'चिंच' या शब्दातील पहिला च आणि शेवटचा च हे दोन वेगळे ध्वनी आहेत, आणि त्यांतील दुसरा, म्हणजे 'चूल' किंवा 'चमचा' या शब्दांच्या आरंभीचा, जर्मनमध्ये दहा या अर्थाच्या 'त्सेन' शब्दात आणि जपानीतील 'त्सुनामी'त जवळपास तसाच येतो. जपानीतील जोडव्यंजनेही आपल्याला जड जात नाहीत, कारण 'गडी' आणि 'गड्डी' यांत आपण रोजच फरक करतो. त्यामुळे 'किते' म्हणजे 'ये' आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट, हा भेद आपल्या कानाला पहिल्या दिवसापासून कळतो.

दुसरी यादी जे ध्वनी आपल्याला ऐकू येत नाहीत त्यांची, आणि तीच खरी महत्त्वाची. मराठी लेखनात ऱ्हस्व-दीर्घ असले, तरी ते बव्हंशी शब्दातील स्थानावरून ठरतात आणि बोलण्यात त्यामुळे अर्थ क्वचितच बदलतो. 'दिन' आणि 'दीन' आपण बोलताना सारखेच म्हणतो. जपानीत मात्र स्वराची लांबी बदलली की शब्दच बदलतो. 'ओजिसान' म्हणजे काका आणि 'ओजीसान' म्हणजे आजोबा. 'कोको' म्हणजे 'येथे', आणि दोन्ही ओ लांबवले की तो शब्द माध्यमिक शाळेच्या वरच्या टप्प्याचे नाव होतो. येथे देवनागरीही आपल्याला मदत करत नाही, कारण तिच्यात आ आणि ओ यांची लांबी दाखवणारी वेगवेगळी अक्षरे नाहीत, आणि मावशी या अर्थाचा 'ओबासान' व आजी या अर्थाचा लांब आ असलेला शब्द आपण वहीत एकसारखेच लिहितो. कानडीतही ए आणि ओ यांची ऱ्हस्व व दीर्घ रूपे वेगळी आहेत. आखूड ओ असलेला 'कोडु' म्हणजे 'दे' आणि लांब ओ असलेला 'कोडु' म्हणजे शिंग. जर्मनमध्ये 'शोन' म्हणजे 'आधीच', आणि त्यातील स्वर ओठ तसेच गोल ठेवून जीभ ए म्हणताना असते तशी पुढे आणून उच्चारला की 'सुंदर' या अर्थाचा शब्द होतो. हा दुसरा स्वर मराठीत नाही आणि देवनागरीत त्याला अक्षरही नाही.

या कारणासाठी पहिले काही आठवडे नवे शब्द देवनागरीत लिहून घेण्याचा मोह टाळावा, असा माझा आग्रह आहे. लिहिलेला शब्द डोळ्यांसमोर असला की आपण तो मराठी ध्वनींत वाचतो, आणि कानावर पडणारा खरा ध्वनी मागे पडतो. त्याऐवजी अशा जोड्यांची ध्वनिमुद्रणे वेगवेगळ्या आवाजांत ऐकावीत आणि कोणता शब्द होता ते ओळखावे. रोज दहा मिनिटे पुरतात. जपानी लोकांना इंग्रजीतील र आणि ल यांचा फरक शिकवण्याच्या प्रयोगांत असे आढळले, की एकाच व्यक्तीच्या आवाजावर सराव केलेल्यांना नव्या आवाजात तो फरक नीट ओळखता येत नाही, मात्र अनेक आवाजांवर सराव केलेल्यांना येतो. वर्गातील शिक्षक किंवा शिक्षिका कितीही उत्तम असल्या, तरी तो एकच आवाज आहे, हे लक्षात ठेवावे.

हा सराव आनुषंगिक शिक्षणाच्या विरुद्ध आहे असे कोणाला वाटेल. तसे नाही. एकदा भेद ऐकू येऊ लागला, की पुढचे काम नकळत होऊ शकते. ग्रीक प्रौढांवरील एका प्रयोगात त्यांना आपल्या 'त' आणि 'ट' यांसारखे ध्वनी ऐकवले गेले, आणि लक्ष मात्र दुसऱ्याच कामावर ठेवायला सांगितले. असा अप्रत्यक्ष सराव झालेली माणसे उघड सराव करणाऱ्यांच्या मागे राहिली नाहीत. अट एवढीच, की ते ध्वनी स्पष्ट आणि पुनःपुन्हा कानावर पडले पाहिजेत.

दुसरी पायरी: जवळजवळ समजणारी सामग्री निवडावी

नवशिका उत्साहाने थेट जपानी मालिका किंवा जर्मन वृत्तपत्र उघडतो आणि काही दिवसांत कंटाळतो. त्यात त्याचा दोष नाही. संदर्भावरून शब्दाचा अर्थ लागायचा, तर तो संदर्भ आधी समजलेला असावा लागतो. वाचनावरील संशोधनात असे मानले जाते, की मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असले, म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी असला, तर वाचक मदतीशिवाय नीट समजून घेऊ शकतो. पॉल नेशन यांनी २००६ मध्ये केलेल्या गणितानुसार मूळ इंग्रजी कादंबऱ्या वा वृत्तपत्रे या पातळीवर वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून होणारे गट, यावी लागतात. पहिल्या वर्षी ते शक्य नाही. म्हणूनच शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने सोपी केलेली पुस्तके हवीत, आणि ती वाचण्यात कमीपणा मानू नये.

जपानीसाठी 'तादोकु', म्हणजे भरपूर वाचन, या पद्धतीची चित्रमय पुस्तके शून्यापासूनच्या पातळ्यांत उपलब्ध आहेत आणि त्यांतील बरीच महाजालावर मोफत वाचता येतात. त्या पद्धतीचे नियम मला फार शहाणपणाचे वाटतात: सोप्यापासून सुरुवात करावी, शब्दकोश उघडू नये, न समजलेला भाग सोडून पुढे जावे, आणि पुस्तक जड वाटू लागले तर ते बाजूला ठेवून दुसरे घ्यावे. शेवटचा नियम आपल्याकडे पाळला जात नाही, कारण हाती घेतलेले पुस्तक पूर्ण केलेच पाहिजे असे शाळेपासून मनावर बिंबलेले असते. एनएचके ही जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था सोप्या जपानीत बातम्या देते. जर्मनसाठी डॉइचे वेले सावकाश वाचलेल्या बातम्या ध्वनिरूपात आणि मजकुरासह देते. मात्र त्यांचा वेग सावकाश असला तरी शब्द बातम्यांचेच असतात, म्हणून त्या पहिल्या काही महिन्यांनंतर हाती घ्याव्यात.

सामग्री योग्य पातळीची आहे का, हे तपासण्यासाठी एका पानावरील शंभर शब्द मोजावेत आणि त्यांतील अनोळखी शब्दांखाली बारीक रेघ मारावी. दोन-तीन असतील तर पुस्तक आपले आहे. दहा असतील तर ते वर्गात, शिक्षकांच्या मदतीने वाचण्याचे आहे.

तिसरी पायरी: एकाच विषयाला चिकटून राहावे

एखादा शब्द मनात रुजायला त्याच्या किती भेटी लागतात, याचे एकच उत्तर नाही. पण अनेक अभ्यासांत आठ ते दहा हा आकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि वेअरिंग यांच्या प्रयोगातही आठपेक्षा कमी वेळा भेटलेले शब्द तीन महिन्यांनी जवळपास पुसले गेले होते. आज राजकारण, उद्या फुटबॉल, परवा इतिहास अशा भटकंतीत नेहमीचे शब्द भेटत राहतात, पण प्रत्येक विषयाचे खास शब्द एकदाच भेटून हरवतात. त्याउलट एकाच विषयावर महिनाभर ऐकले आणि वाचले, तर तेच पन्नास-साठ शब्द वेगवेगळ्या आवाजांत, वेगवेगळ्या वाक्यांत समोर येतात.

नवशिक्यासाठी मी स्वयंपाक सुचवतो. कापणे, घालणे, ढवळणे, मीठ, पाणी, आच हे शब्द प्रत्येक पाककृतीत येतात, आणि शब्द ऐकू येतो त्याच क्षणी ती कृती पडद्यावर दिसते, त्यामुळे अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. चिनी हवामानवृत्ताच्या प्रयोगात नकाशाकडे केलेल्या हाताने जे काम केले, तेच येथे सुरी आणि कढई करतात. ज्यांना स्वयंपाकात रस नसेल त्यांनी हवामानवृत्त, सायकल दुरुस्ती, बागकाम किंवा क्रीडासमालोचन घ्यावे. चाकणच्या एखाद्या जर्मन कंपनीत काम करणाऱ्याला यंत्रांविषयीच्या चित्रफिती अधिक उपयोगी पडतील. निकष दोनच: विषयात स्वतःला खरी गोडी असावी, आणि त्यात बोलणे व दिसणे एकत्र घडावे.

पुण्यात नव्याने आलेली अमराठी माणसे मेट्रोतून काही दिवस प्रवास करताच 'पुढील स्थानक' हे शब्द न शिकवता ओळखू लागतात, याचेही कारण असेच आहे. वनाजपासून रामवाडीपर्यंत वाक्याचा सांगाडा तोच राहतो, बदलते ते फक्त नाव, आणि बाहेर फलकावर तेच नाव दिसते. आपण निवडलेल्या सामग्रीतही असे स्थिर सांगाडे शोधावेत.

चौथी पायरी: सबटायटल कोणत्या भाषेत ठेवावे

होल्गर मिटरर आणि जेम्स मक्वीन यांनी २००९ मध्ये इंग्रजी चांगले जाणणाऱ्या डच लोकांना ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश धाटणीचे अनोळखी उच्चार असलेल्या चित्रफिती दाखवल्या. ज्यांना इंग्रजी सबटायटल मिळाले त्यांना नंतर त्याच धाटणीतील नवी वाक्ये अधिक चांगली ओळखता आली. ज्यांना डच सबटायटल मिळाले त्यांची नव्या वाक्यांवरील कामगिरी सबटायटल नसलेल्यांपेक्षाही घसरली. कारण उघड आहे: डोळे मातृभाषा वाचू लागले की कानाने काय ऐकायचे हे त्यांच्याकडून कळत नाही.

यावरून व्यवहारातील नियम असा निघतो. प्रसंग पहिल्यांदा पाहताना कथा समजावी म्हणून मराठी वा इंग्रजी सबटायटल चालेल. दुसऱ्यांदा तोच प्रसंग शिकत असलेल्या भाषेतील सबटायटलसह पाहावा, आणि तिसऱ्यांदा काहीही न वाचता फक्त ऐकावा. जपानी लिपी अजून न येणाऱ्याने मधली पायरी काही काळ वगळावी. जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्याला ती पहिल्या महिन्यापासून जमते. एक पूर्ण भाग एकदा पाहण्यापेक्षा पाच मिनिटांचा प्रसंग तीनदा पाहणे कितीतरी अधिक फळ देते.

पाचवी पायरी: कान तेथे असावा

दिवसभर मागे जर्मन रेडिओ लावून ठेवला की भाषा आपोआप येईल, असा एक समज आहे. ध्वनींची ओळख काही प्रमाणात तशी होईलही. पण शब्द आणि अर्थ यांची गाठ पडायला थोडे तरी लक्ष लागते. रिचर्ड श्मिट यांनी ब्राझीलमध्ये राहून स्वतः पोर्तुगीज शिकताना नोंदी ठेवल्या आणि पुढे १९९० मध्ये असे मांडले, की जे आपल्या नजरेत भरते तेच बहुधा आपले होते. येथे लक्ष देणे म्हणजे पाठ करणे नव्हे. बोलणारा काय सांगतो आहे हे समजून घेण्याची इच्छा असणे, एवढेच.

म्हणून ऐकण्याची वेळ निवडताना हात गुंतलेले पण मन मोकळे असेल अशी निवडावी. पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर, वेताळ टेकडीवर फिरताना ऐकलेले मुरते. कार्यालयातील पत्रे लिहिताना लावलेले बहुधा वाया जाते, कारण तेव्हा मन दुसऱ्या शब्दांत गुंतलेले असते. दुचाकी चालवताना मात्र कानात काहीही घालू नये. पुण्याच्या वाहतुकीत कान रस्त्यावरच हवेत, आणि ही सूचना मी पूर्ण गांभीर्याने करतो आहे.

लक्ष टिकवण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्या भाषेतून काहीतरी काम पार पाडणे. बाटिया लाउफर आणि यान हुल्स्टाइन यांनी २००१ मध्ये मांडले, की शब्दाची गरज भासणे, त्याचा शोध घेणे आणि तो येथे बसतो का हे ठरवणे, या तीन गोष्टी जितक्या जास्त घडतील तितका शब्द अधिक टिकतो. पाककृती नुसती पाहू नये. तिच्यावरून खरोखर पदार्थ करावा, म्हणजे मीठ कधी घालायचे ते ऐकून घ्यावेच लागते.

सहावी पायरी: माणसांत मिसळावे

पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसांकडून ऐकलेल्या बाळांना चिनी ध्वनिभेद कळू लागले. तीच सामग्री दूरचित्रवाणीवरून किंवा नुसती ध्वनिरूपात मिळालेल्या बाळांना मात्र काहीच लाभ झाला नाही. प्रौढ ध्वनिमुद्रणावरूनही शिकतात, तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. तरीही समोरचे माणूस आपल्या चेहऱ्यावरील गोंधळ पाहून वाक्य बदलते, बोट दाखवते, सावकाश बोलते, आणि असे कोणतीही चित्रफीत करू शकत नाही.

या बाबतीत पुणे हे भाग्यवान शहर आहे. भाषासंस्थांची ग्रंथालये, चित्रपटांचे खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रम येथे वर्षभर चालतात, आणि वरच्या पातळीचे विद्यार्थी तेथे सहज भेटतात. भारतीय भाषा शिकणाऱ्याला तर इमारतीबाहेरही जावे लागत नाही. शेजारच्या कानडी काकूंना, "काकू, मी कानडी शिकतोय, माझ्याशी जरा कानडीतच बोलाल का?" असे एकदा नम्रपणे विचारावे आणि रोजची दोन-चार वाक्ये ठरवून घ्यावीत: जेवण झाले का, पाणी आले का, आज भाजी काय. कानडी कुटुंबे पुण्यात पिढ्यान्पिढ्या राहत आहेत. आपली भाषा कोणीतरी शिकू इच्छितो याचा आनंद त्यांना होतोच. चुकलेल्या वाक्याला त्यांनी उत्तर देताना तेच वाक्य बरोबर करून म्हटले, तर तेथे मान हलवून पुढे न जाता ते एकदा तसेच म्हणून पाहावे.

सातवी पायरी: जे कानात बसले ते तपासून घ्यावे

कानावरून शिकलेले सगळेच बरोबर असते असे नाही, याचा दाखला आपल्या प्रत्येक घरात दर भाद्रपदात मिळतो. गणपतीच्या आरतीतील 'फणिवरबंधना' हा शब्द लहान मुले आणि कित्येक मोठी माणसेही 'फळीवर वंदना' असा म्हणतात, आणि 'संकटी पावावे'चे 'संकष्टी पावावे' झालेले तर सर्वत्र ऐकू येते. येथे कान आळशी नसतो. उलट तो अनोळखी आवाजांचे ओळखीच्या शब्दांत तुकडे पाडण्याचे आपले काम चोख करत असतो. नव्या भाषेतही तो हेच करतो. म्हणून आठवड्यातून एकदा, कानात घोळत असलेली पाच-सहा वाक्ये निवडून त्यांचा लिखित मजकूर पाहावा आणि शब्द कोठे तुटतात ते ताडून घ्यावे.

याच वेळी, वारंवार भेटूनही अर्थ न लागलेले शब्द शब्दकोशात पाहावेत आणि वहीत त्या मूळ वाक्यासह लिहावेत. वाचताना वा ऐकतानाच प्रत्येक शब्दासाठी थांबणे हानिकारक आहे, मात्र नंतर कधीच न पाहणे हेही तितकेच. ही उजळणी शक्यतो रात्री करावी. निकोला दुमे आणि गॅरेथ गॅस्केल यांच्या २००७ मधील प्रयोगात नव्याने ऐकलेले शब्द मनातील जुन्या शब्दांत मिसळण्यासाठी मध्ये झोप व्हावी लागते असे दिसले होते. जागेपणी गेलेल्या तेवढ्याच तासांनी ते साधले नाही.

काही गोष्टी नकळत येण्याची वाट पाहूच नये. जपानमध्ये २०१० मध्ये सुधारलेल्या अधिकृत यादीत नित्य वापराची २१३६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून जपानीत आलेली, चिन्हे आहेत, आणि ती लिहूनच शिकावी लागतात. जर्मन नामांची लिंगे, क्रियापदांची रूपे आणि पहिले पाचशे-हजार शब्द सरळ पाठ करावेत, कारण तेवढे भांडवल असल्याशिवाय दुसऱ्या पायरीतील सोपे पुस्तकही उघडत नाही. नेशन यांनी सुचवलेली वाटणी मला योग्य वाटते: एकूण वेळाच्या चौथाई भागात थेट अभ्यास, चौथाईत ऐकणे-वाचणे, चौथाईत बोलणे-लिहिणे, आणि उरलेल्या चौथाईत आधीच येणाऱ्या गोष्टी अधिक वेगाने व सफाईने करण्याचा सराव.

डिसेंबरमध्ये पुण्यात होणारी जपानी भाषाक्षमता परीक्षा देणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा: तिच्या प्रत्येक पातळीवर १८० पैकी ६० गुण केवळ श्रवणाला असतात, आणि बोलण्याची परीक्षा मात्र नसते. त्यामुळे परीक्षेच्या तयारीत ऐकणे सांभाळले जाते, बोलणे मागे पडते, म्हणून सहावी पायरी त्यांनी विशेष जपावी. परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या महिन्यात नवे विषय घेऊ नयेत. आधीच ऐकलेल्या चित्रफिती आणि वाचलेली पुस्तके पुन्हा घ्यावीत, आणि शंभर शब्दांत एकही अनोळखी उरत नाही असे दिसले, की त्या पुस्तकाच्या वरच्या पातळीचे पुस्तक आणावे.